अण्णा, नळी केसभर आखूडच आहे

अण्णा, तुमच्या लेथच्या वरच्या भिंतीतला तो खिळा तसाच होता आणि खिळ्याला लटकणारी ती तारही. काल तुमच्या हाताखालच्या इस्माईलभाईंनी इतक्या दिवसांनी वर्कशॉपचं शटर उघडलं, तेव्हा माझं लक्ष आधी तिकडंच गेलं. चुकलेलं काम भंगारात टाकायचं नाही, तारेत ओवून डोळ्यांसमोर टांगायचं, ही तुमची रीत. वाकडा आटा पडलेला नट, जास्त कट लागलेलं बुशिंग, कुठल्याशा इंजिनाची वाया गेलेली स्लीव्ह, आणि त्यांच्यामध्ये माझ्या त्या चार रिंगा. सोळा वर्षं झाली त्यांना. पितळ काळं पडलंय, पण तार तुटलेली नाही.

त्या तारेत माझंही एक वाक्य ओवायला हवं होतं. तुम्ही ओवलं नाहीत. त्याचंच लिहायला बसलोय.

सुरुवात माझ्या येडपटपणापासून. नव्याण्णव टक्के माणसं लेन्स घेताना आधी ती आपल्या कॅमेऱ्याला बसते का ते बघतात. मी उरलेल्या एकातला. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत स्टुडिओ टाकून वर्ष झालं होतं, मुंबईला जुन्या मालाच्या बाजारात गेलो आणि एकशेपस्तीस मिलिमीटरची एक लेन्स हातात घेतली. काच अशी की तळहात धरला तर त्यावरच्या रेघा पलीकडं वाचाव्यात. दुकानदारानं कागदात गुंडाळून दिली, मी छातीशी धरून गाडीत बसलो. म्हैस घेताना शिंगं बघितली आणि सड बघायचे राहिले, तशी गत. घरी येऊन बसवायला गेलो तर लेन्स एका कंपनीची, कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा. दोघांच्या खाचाच वेगळ्या.

गावातल्या कॅमेरेवाल्यांनी पोट धरून हसून घेतलं. मग एकानं सांगितलं, उद्यमनगरात एक अण्णा आहेत, इंजिनाचे पार्ट करतात, त्यांना दाखव. तुम्ही लेथवर वाकला होतात. मी लेन्स पुढं केली. तुम्ही हात पुसलेत, चष्मा कपाळावर ढकललात आणि विचारलंत, "पावणं, हे कशाचं इंजिन?"

"इंजिन न्हवं, लेन्स हाय. कॅमेऱ्याची."

तुम्ही ती डोळ्याला लावलीत, उलटी केलीत, मागचं बूड बोटानं चाचपलंत. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर कधीकाळी मशीननं खाल्लेलं, त्या आखूड बोटानं तुम्ही तिच्या खाचा अशा मोजल्यात की जणू बाळाचे दात. गडहिंग्लजकडचे तुम्ही, माप घेताना आकडे कानडीतच यायचे. वंदु, येरडु, मूरु. मग म्हणालात, "ज्यानं केलंय त्यानं जीव लावून केलंय. गाव कुठलं तुजं?"

"कोडोली."

त्या दिवसापासून माझं नाव कोडोलीच पडलं. माझं खरं नाव तुम्हाला माहीत होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

दोन दिवसांत तुम्ही पितळेची रिंग केलीत. एका बाजूला कॅमेऱ्याच्या खाचा, दुसऱ्या बाजूला लेन्सच्या. टक् करून बसली. मी नाचायचाच बाकी होतो. तुम्ही म्हणालात, थांब, चल गच्चीवर. तुमच्या गच्चीवरून लांबवर जोतिबाचा डोंगर दिसतो. लेन्सवर सगळ्यात लांबच्या खुणेला आडवा आठ काढलेला असतो, त्याचा अर्थ मी तुम्हाला सांगितला होता: हितनं पुढं कितीही लांब असलं तरी स्वच्छ दिसायला पाहिजे. "म्हंजे जोतिबा," असं तुम्ही ठरवून टाकलंत. मी आडव्या आठापर्यंत लेन्स फिरवली. जोतिबाचा डोंगर म्हणजे नुसती ओल्या फडक्यानं पुसलेली पाटी.

"दिसला?"

"न्हाय अण्णा."

तुमचा चेहरा पडला. रिंग जाड झाली, असं म्हणून तुम्ही दुसरी पातळ केलीत. मग तिसरी त्याहून पातळ. चौथी तर इतकी पातळ की हातातच वाकली. प्रत्येक वेळी आपण गच्चीवर, प्रत्येक वेळी "न्हाय अण्णा", आणि प्रत्येक रिंग तारेत. इंजिनाचं गिऱ्हाईक खाली ओरडतंय आणि तुम्ही त्याला म्हणताय, "थांब की जरा, जोतिबा दिसंना झालाय." तो बिचारा हात जोडून बसला.

पाचव्या वेळी तुम्ही लेथला हात लावला नाहीत. कॅमेरा मागितलात, लेन्स काढलीत आणि आत बघत बसलात. आत आरसा होता. फोटो काढताना टप्पकन वर उडणारा. तुम्ही तो चार-पाच वेळा उडवून बघितलात आणि मला समजावलंत, फोटोग्राफर मी असून. "रिंग जाड न्हाय रं. तुज्या कॅमेऱ्याचं पोट मोठं हाय. ह्या लेन्सला फिल्मच्या जवळ सरकायचं हाय, आन ह्यो आरसा वाटंत हुबा. रिंग काढूनच टाकली तरी जोतिबा दिसणार न्हाय."

"मग लेन्सचं बूड कापा."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत ते मला अजून आठवतं. "कापून बसवलं त्याला बसवणं म्हणत न्हाईत कोडोली. आज न्हाय उद्या कोणतरी बिनआरशाचा कॅमेरा काढंल. तवा ये." मी मोठ्यानं हसलो. बिनआरशाचा कॅमेरा म्हणजे बिनचुलीचा स्वयंपाक, असं काहीतरी बोललोही. तुम्ही तिसरी रिंग तारेतून काढून माझ्या हातात ठेवलीत. तिच्यावर दहा फुटांपर्यंतचं लख्ख दिसत होतं. "तवर जवळचं बघ," म्हणालात. तारेत तिची जागा रिकामी राहायला नको, म्हणून तुम्ही तशीच आणखी एक करून तिथं ओवलीत. चुकीचा हिशेब पुरा पाहिजे म्हणून.

अण्णा, त्या दहा फुटांनी मला माणूस केलं. बाकीचे फोटोग्राफर लग्नात लांब उभे राहून सगळा मांडव घ्यायचे, मला माणसांच्या पुढ्यात जाऊन उभं राहावं लागायचं. नवरीच्या आईची थरथरती हनुवटी, मंडईतल्या भाजीवालीच्या कपाळावरच्या आठ्या, तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादाचे मोडलेले कान. लांबचं दिसतच नव्हतं, मग जवळचं नीट बघायला शिकलो. लोक म्हणायचे, हा चेहरे काढावेत तर असे काढतो. तुमचा चेहरा मात्र तुम्ही कधी काढू दिला नाहीत. "हात काढ, कामाचं तेच हाय," म्हणालात. हात काढले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला फोटो आहे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही लगेच विचारलं असतंत, मग बाकीचे काय झोपून काढलेस का.

आणि मग ते प्रदर्शन.

माझ्या चेहऱ्यांचं पहिलं प्रदर्शन, गावातल्याच एका हॉलमध्ये. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होतात. अक्का इरकल नेसून. तुमच्या बायकोला सगळं उद्यमनगर अक्का म्हणतं, मीही म्हणायचो. पुण्याहून आलेले एक मोठे फोटोग्राफर फोटोंवरून फिरत फिरत माझ्या टेबलाशी आले. तिथं माझा कॅमेरा ठेवला होता. त्यांनी उचलला, रिंग बघितली, बोट फिरवलं. म्हणाले, "या बॉडीवर ही लेन्स? हा ॲडॉप्टर कुठून मिळवलात? काम उत्तम आहे."

बाकीच्यांचे कान टवकारलेले. माझ्या जिभेवर उद्यमनगर आलंच होतं. पण तेलानं माखलेला तो लेथ आणि इंजिनाचं बुशिंग डोळ्यांसमोर आलं, आणि मला लाज वाटली. वाटलं, हसतील. मी म्हणालो, "बाहेरून मागवलाय. जर्मनीहून."

वळलो तर मागं तुम्ही. तुम्ही भिंतीवरचे तुमचे स्वतःचे हात बघत होतात.

चार दिवसांनी वर्कशॉपवर आलो तर इस्माईलभाईंना हाक मारलीत, "अरं इस्माईल, खुर्ची पूस, जर्मनीची पार्टी आलीया." मी हसलो. तुम्हीही हसलात. मग तो आपला नेमच झाला. चहा सांगताना "जर्मनीला बिनसाखरेचा", फोनवर "जर्मनी हाय का घरात?" तुम्ही चेष्टा करून मला माफी मागण्यातून सोडवलंत, आणि मी गपगुमान सुटून घेतलं. दर वेळी वाटायचं, आज म्हणून टाकू, अण्णा, चुकलं. दर वेळी तुम्ही आधी हसायचात आणि माझं राहून जायचं. असं दहा वर्षं राहून जाऊ शकतं, हे मला पटलं नसतं.

पुढं फिल्मचे दिवस गेले. डिजिटल आलं, मीही घेतला, त्यातही आरसा होताच. तुमची लेन्स कपाटात गेली. तुमची म्हणतोय, पैसे माझे असले तरी. तुम्ही मधूनच विचारायचात, "आली का बातमी?" कसली बातमी ते मला कळायचं. मी मान हलवायचो.

आणि या हिवाळ्यात भाच्यानं परदेशातून कॅमेरा पाठवला. हातभर पत्र्याची पेटी नव्हे, ओंजळीत मावणारा. समोरचं झाकण काढलं आणि मी खुर्चीतच बसून राहिलो. आत आरसा नव्हता. आत सरळ फिल्मच्या जागी बसवलेला काळसर चौकोन, हात लांब केला तर बोट लागेल इतका जवळ. तुमच्याकडं गाडी कशी चालवत आलो आठवत नाही. तुम्ही आत बघितलंत, चष्मा काढलात, पुसलात, परत बघितलंत. "मी काय म्हणालतो?" एवढंच. सोळा वर्षं वाट बघितलेला माणूस एवढ्यावर भागवतो, दुसरा असता तर पेढे वाटले असते.

पूर्वी रिंगेला जागाच नव्हती, आता इंचभर जागा भरून काढायची होती. तुम्ही ॲल्युमिनियमची नळीच केलीत, दोन्ही टोकांना दोन कंपन्यांच्या खाचा. बसवली, मी बटण दाबलं, कॅमेरा ढिम्म. तुमचा जीव खाली-वर. मला कळलं, लेन्सला त्याच्या ओळखीच्या तारा नाहीत, त्याला वाटतंय पुढं लेन्सच नाही. आत एक सेटिंग असतं, लेन्स नसली तरी फोटो काढ, ते चालू केलं. तुम्ही म्हणालात, "लग्नाला हुबं राह्यल्यावर घराणं इचारतोय व्हय ह्यो?" मग पहिल्या फोटोत सगळं धुरकट. नळी आतून आरशासारखी चकचकीत, उजेड तिथंच आपटत होता. तुम्ही शेजारच्या शाळेनं फळ्यासाठी आणलेला काळा रंग मागून आणलात आणि आतून दोन हात दिलेत.

गुडघ्यांमुळं तुम्हाला गच्ची बंद झाली होती. मी एकटा वर गेलो, तुम्ही खाली अंगणात, मान वर करून. मी लेन्स फिरवली. धूसर, धूसर, आणि मग जोतिबाचा डोंगर पुढं आला.

"काय रं? दिसला?" खालून तुमचा आवाज.

"दिसला अण्णा!"

"देवळाचं शिखर का नुसता डोंगर?"

"शिखर!"

"एक का सगळी?"

"सगळी अण्णा, सगळी!"

वाकून बघितलं तर तुम्ही टोपी काढून हातात धरली होती. मग म्हणालात, "मग ये की खाली. चा गार व्हायला लागलाय."

इथं लेख संपला असता तर किती बरं झालं असतं. पण मी पडलो मापाचा माणूस. घरी जाऊन बघितलं तर जोतिबा आडव्या आठाच्या थोडा आधीच स्वच्छ दिसत होता. तिथून पुढं लेन्स अजून फिरत होती आणि सगळं परत पुसट होत होतं. म्हणजे नळी केसभर आखूड. मी इंटरनेटवरून बरोबर मापाचा कागद छापून आणला. तुम्ही कागदाकडं बघितलंही नाहीत. "मुद्दाम ठेवलीया. कागदावरच्या मापाला ऊन लागत न्हाय. ॲल्युमिनियम हाय ते, तापलं की वाढतंय, लेन्सचा धातूबी वाढतोय. बरोबर मापाची केली तर वैशाखात जोतिबा दिसायचा न्हाय."

"पण पल्याड जातीया ना ती! जोतिबाच्या पल्याड काय बघायचंय?"

"पल्याड तुजं कोडोली हाय की," तुम्ही म्हणालात. "तितवर बघायला जागा नगं व्हय?"

महिनाभर आपला हा वाद चालला. तुम्ही हसून, मी चिडून. शेवटच्या दिवशी मी कागद तुमच्या लेथवर आपटला आणि म्हणालो, "जर्मनीत असलं काम चाललं नसतं अण्णा."

दहा वर्षं तुम्ही ज्या शब्दाचा गूळ करून मला चारलात, तोच मी तुमच्या तोंडावर फेकला. तुम्ही मशीन बंद केलंत. "मग जर्मनीलाच जा," म्हणालात. चेष्टेत नव्हे. मी नळी घेऊन निघून आलो. नंतर बाराव्या दिवशी इस्माईलभाईंचा फोन आला, चालत्या लेथसमोरच तुम्ही खाली बसलात ते उठलाच नाहीत म्हणून.

तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणं तुम्हाला बसवून मातीत ठेवलं. डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्याच्याभोवती ते आखूड बोट. मी त्या हाताकडंच बघत होतो. किती जवळ होतो, दहा फुटांच्याही आत, आणि म्हणायचं ते तेव्हाही म्हणता आलं नाही. आता कुणाला म्हणणार होतो?

पुढं तुमच्या घरी भेटायला गेलो, तर इस्माईलभाई माझी ओळख पाहुण्यांना करून देत होते. "हेच ते फोटोग्राफर. ह्यांनी परदर्शनात चारचौघांत सांगितलं हुतं, अण्णांचं काम जर्मनीच्या तोडीचं हाय म्हणून. अण्णा लई वेळा सांगायचे." पाहुण्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. तुम्ही माझं खोटं घेतलंत, घासून-पुसून स्वच्छ केलंत आणि माझ्याच नावानं लोकांना वाटलंत. उद्यमनगरात माझी अब्रू तुम्ही राखत होतात, आणि मी तुम्हाला मापं शिकवत होतो.

मी अक्कांकडं आत गेलो. त्यांना कुणीतरी खरं सांगायला पाहिजे होतं. म्हणालो, "अक्का, मी तसं म्हणालो न्हवतो. मी..."

अक्कांनी पदर सारखा केला. "ठावं हाय. मी हुते की तितं."

"मग अण्णांना राग..."

"राती जेवले न्हाईत त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पोराला लाज वाटली, वाटणारच, पर काम जर्मनीचं वाटलं म्हणूनच खपलं न्हवं? आन तेच धरून बसले." मी रडायला लागलो. अक्कांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? चारचौघांत म्हणालतास, चारचौघांतच सांग."

म्हणून हे लिहितोय, अण्णा. वाचणारे चारचौघेच असतील, पण असतील. तो ॲडॉप्टर जर्मनीचा नव्हता. तो उद्यमनगरात, इंजिनाच्या बुशिंगशेजारी, अण्णांनी केला. पहिलाही आणि आताचाही. कॅमेरा परदेशातला, लेन्स परदेशातली, आणि त्या दोघांचं एकमेकांशी जमवून देणारं मधलं काम कोल्हापूरचं. मला लाज वाटली होती. आता त्या वाटलेल्या लाजेची लाज वाटते. चुकलं माझं.

काल इस्माईलभाईंनी विचारलं, तारेतलं भंगार काढू का. मी चार रिंगा मागून घेतल्या, त्यांच्या तारेसकट. माझ्या स्टुडिओत काउंटरच्या वर खिळा मारलाय. गिऱ्हाईक विचारेल हे काय, मी सांगेन. सुरुवात तुमच्या नावानं करीन आणि माझ्या खोट्यावर संपवीन.

निघण्याआधी गच्चीवर गेलो. परवाच्या वळवानं हवा धुऊन निघाली होती, वर चैत्राचं टळटळीत ऊन. कॅमेरा अर्धा तास तसाच उन्हात कठड्यावर ठेवला. नळीला हात लावला तर चटका बसला. मग लेन्स फिरवली. हिवाळ्यात जिथं जोतिबा दिसत होता तिथं काल दिसला नाही. थोडं पुढं फिरवली, पुसटच. आणखी पुढं. अगदी आडव्या आठाला टेकली, आता फिरायला जागा उरली नाही, आणि तिथं शिखरं उभी राहिली. सगळी. कागदावर नसलेल्या तुमच्या मापानं.

मी कठड्यावरून खाली वाकलो आणि ओरडलो, "दिसला अण्णा!" अंगणात इस्माईलभाई होते, त्यांनी टोपी काढली.

ॲडॉप्टर बरोबर मापाचा दुसरीकडून करून घेणार होतो, त्यासाठी कुरिअरचा पत्ताही लिहून ठेवला होता. तो कागद फाडला. नळी केसभर आखूडच आहे, अण्णा, आणि आखूडच राहील. जोतिबाच्या पल्याड माझं कोडोली आहे.